हाताला कळलं पाहिजे

गाडीत बसल्यावर आपला जीव कशाच्या भरवशावर असतो असं विचारलं, तर बहुतेक जण ब्रेक म्हणतील, कुणी टायर म्हणेल. व्हील बेअरिंगचं नाव सहसा कुणी घेत नाही. जीपचं पुढचं चाक स्पिंडलवर फिरतं ते मुठीत मावतील अशा दोन बेअरिंगांवर. गाडीचं वजन, खड्ड्यांचे दणके, वळणावरचा आडवा रेटा, सगळं तीच सोसतात.

आमची फोर-व्हील-ड्राइव्ह जीप माझ्याहून वयाने मोठी आहे. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओढा आहे आणि त्यावर फरशी. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहायला लागलं की बाकीच्या गाड्या थांबतात आणि लोक आमच्या दारात येतात. कुणाच्या सुनेला कळा सुरू झालेल्या असतात, कुणाला शेतात पान लागलेलं असतं. पाण्याला फार ओढ असेल तर जीपही थांबतेच; पण घोटाभर पाण्यातून तिला जावं लागतं. म्हणून दर मे महिन्यात पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं उघडून बघायची, हा घरचा नेम.

पाण्याचा आणि बेअरिंगचा संबंध साधा आहे. गाडी चालली की हब तापतो. तापलेला हब थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सील जरा जरी झिजलं असेल तरी पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, मग गंज धरतो. हे सगळं आत घडतं. बाहेरून चाक छान दिसत असतं.

आजवर हे काम अण्णा, म्हणजे माझे वडील, करायचे. गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलं, गोळ्या दिल्या. यंदा मे महिन्यात चाक जॅकवर उचलून खाली घोडी लावली तेव्हा अण्णा म्हणाले, "तू धर. माझा हात हलतोय का चाक, मला कळत नाही आता." एवढंच बोलले आणि स्टूल ओढून बसले.

चाक वर-खाली धरून हलवायचं. खटखट जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर ढिलाई बेअरिंगात आहे. तशीच राहिली तर दोष स्टिअरिंगच्या सांध्यांत शोधायचा. मग चाक फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी बोटांना कळते. चालत्या गाडीत ओळखायचं तर घरघरीकडे लक्ष द्या. ती गाडीच्या वेगाबरोबर वाढते, गिअर बदलून फरक पडत नाही. डावीकडे वळताना वाढली तर संशय उजव्या चाकावर, कारण वळताना भार तिकडे जातो.

डाव्या चाकाला खटखट होती. चुलतभावाने ब्रेक दाबला, थांबली.

हब उघडला. बाहेरचा नट, लॉक वॉशर, आतला नट, मग बाहेरचं बेअरिंग अलगद हातात आलं. डिझेलमध्ये धुतलं. (धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका, रोलर सुटून अंगावर येऊ शकतात.) उन्हात धरल्यावर आतल्या बेअरिंगच्या कपवर, रोलर जेवढ्या अंतरावर बसतात तेवढ्याच अंतरावर, तपकिरी रेघा दिसल्या. पाणी आत जाऊन थांबलं होतं. दोन ठिकाणी बारीक खड्डेही पडले होते.

शेजारच्या वाडीतला मेकॅनिक म्हणाला, "ताई, ग्रीस भरा, हा सीझन जाईल." गेलाही असता कदाचित. पण जुलैच्या रात्री मागच्या सीटवर कोण असेल हे ठाऊक नसताना 'कदाचित' परवडत नाही. नवीन बेअरिंग आणलं, कप आणि रोलर दोन्ही, कारण जुन्या कपवर नवे रोलर लवकर खराब होतात. सीलही नवं.

हे निमुळतं रोलर बेअरिंग घोडागाडीच्या काळातलं आहे. अमेरिकेत सेंट लुईसला गाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली त्याचं पेटंट घेतलं. सरळ रोलर वरचा भार छान पेलतो, पण वळणावरच्या आडव्या रेट्यापुढे हतबल होतो. निमुळता रोलर दोन्ही पेलतो. हबमध्ये अशी दोन बेअरिंगं उलटसुलट बसवली की चाक दोन्ही बाजूंनी आवळलं जातं. किती आवळायचं, तेच खरं काम.

कप ठोकताना अण्णा डोळे मिटून ऐकत होते. पंच एकदा इकडे, एकदा समोर. ठोक्याचा आवाज बदलून भरीव झाला तसे म्हणाले, "बसला. आता थांब." मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहिले, वरच्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत.

आतला नट चाक फिरवत आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग सैल करायचा आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने परत आवळायचा. फार आवळला तर बेअरिंग तापून ग्रीस जळतं आणि चाक जाम होऊ शकतं. सैल राहिला तर चाक डुलतं, सील फाटतं. बाहेरचा नट लावल्यावर मापात फरक पडतो, म्हणून पुन्हा तपासायचं. "आधी पुस्तकातला आकडा," अण्णा म्हणाले, "मग हात." मी तीनदा नट सोडला, तीनदा लावला. चौथ्यांदा चाक न अडखळता फिरलं आणि हलवलं तर हललं नाही.

नव्या गाड्यांत बहुधा सीलबंद हब येतो. त्यात आवळायचं, ग्रीस भरायचं काही नसतं. खराब झाला की अख्खा बदलायचा. ते चांगलंच आहे. पण घरघर त्यालाही येते, खटखट त्यालाही होते. उघडायचं नसलं तरी ऐकायचं काम आपल्याकडेच राहतं.

जुलैत एका रात्री फरशीवर पाणी असताना गाडी नेली. यंदा मी चालवली. वाडीतली एक बाई होती, पहिलटकरीण. पहाटे परत आले तेव्हा अण्णा ओट्यावर जागे होते. पेशंटचं विचारलं, मुलगी झाली म्हटल्यावर हसले. मग खाली वाकून एकेका हबला हात लावत गाडीभोवती फिरले. एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलाय का, हे थरथरत्या हातालाही कळतं.

"चारी सारखे," म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.