डोलकाठी पाहायला वाशीमहून गोव्याला

आमच्या वाशीम तालुक्यात काटा नावाचे गाव आहे. त्या बाजूच्या डोंगरात काटेपूर्णा उगम पावते. महानच्या धरणात अडते, अकोल्याची तहान भागवते आणि पूर्णा-तापी करीत अरबी समुद्राला मिळते. याच जिल्ह्यातल्या अडाण आणि अरुणावती मात्र पैनगंगेची वाट धरतात. ते पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे फिरत बंगालच्या उपसागराला जाते. आमचा पाऊस असा दोन समुद्रांना जातो. आमची माणसे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांपर्यंत जातात, फार तर चौपाटी पाहून परत येतात.

हे सुचायला कारण आमची भाची. बारावीला आहे. पहाटे एकबुर्जीच्या रस्त्याने पळायला जाते. आधी पोलीस भरती म्हणत होती. २९ मे २०२५ रोजी नौदलाच्या दोन अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए., गोव्याच्या मुरगाव बंदरात शिडाच्या बोटीने परतल्या. आठ महिने त्या दोघींनीच 'तारिणी' हाकली, २५ हजारांहून अधिक सागरी मैल, पृथ्वीला वळसा घालून. पोरीने ते टीव्हीवर पाहिले आणि तेव्हापासून तिच्या तोंडी नेव्हीच.

तिची आई म्हणजे आमची ताई. ताईचा धाकटा पाच वर्षांपूर्वी शेततळ्यात बुडाला. त्या दिवसापासून ती पोरीला विहिरीवर वाकूसुद्धा देत नाही. ताई म्हणाली, "भाऊ, पान्यानं एक लेकरू नेलं. दुसरं मी आपल्या हातानं देऊ काय?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. सोयाबीन निघाल्यावर हातात थोडे पैसे आले होते, तेव्हा ठरवले की आधी ही बोट काय चीज आहे ते पाहून येऊ. आम्ही दोघे नवरा-बायको आणि भाची, अकोल्याहून रेल्वेने मडगावला पोहोचलो. वास्कोला आमच्या नात्यातला मुलगा कामाला आहे, त्याच्या एका खोलीत मुक्काम.

तारिणी बांधली गेली ती मांडवीतल्या दिवार बेटावर. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून तिकडे फेरीबोट जाते, पायी माणसाला तिकीट नाही. भाचीची माय सोबत असती तर त्या पाच मिनिटांतही तिने पोरीचा हात सोडला नसता. पोर मात्र सरळ कठड्याशी जाऊन उभी राहिली. फेरीत एक म्हातारे सुतार भेटले, जन्मभर होड्याच बांधलेले. बेटावर रत्नाकर दांडेकरांचे 'ॲक्वेरियस' यार्ड आहे, तिथे आधी 'म्हादेई' आणि मग तारिणी तयार झाली. आम्ही काही आत गेलो नाही. पण सुतारबाबांनी फेरीतच सारे समजावून दिले. लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा, त्याला आतून-बाहेरून काचतंतूचे कापड आणि राळेचे थर, म्हणून अंग हलके आणि चिवट. तारिणीची लांबी ५५ फूट, म्हणजे एस.टी.ची दीड गाडी. डोलकाठी २५ मीटर, आठ मजली इमारतीएवढी.

शर्यतीची बोट आणि लांबच्या प्रवासाची बोट यात फरक काय, असे आम्ही विचारले. त्यांचे उत्तर आम्ही घरी आपल्या भाषेत असे सांगितले: शंकरपटाचा बैल नांगराला जुंपत नाहीत आणि नांगराचा बैल पटात पहिला येत नाही. शर्यतीवाला बोटीतून चमचासुद्धा कमी करतो. लांब जाणाऱ्याला धान्य, पाणी, औषधे, जास्तीची शिडे, दुरुस्तीचे सामान सारे लागते. न्यूझीलंडच्या लिटलटन बंदराहून फॉकलंड बेटांपर्यंत तारिणीला २०१७-१८ साली सुमारे ४० दिवस लागले होते. वाटेत दुकान नाही, गाव नाही. एवढे ओझे घेऊनही जी वेगाने धावते, तिचाच तिथे उपयोग. कारण त्या समुद्रात वेग ही हौस नसते. वादळाच्या वाटेतून बाजूला व्हायला आणि शिधा संपायच्या आत पोहोचायला वेग लागतो. आणि पोटाखाली पात्यासारखा जड भाग असतो, बोटवाले त्याला कील म्हणतात. वारा बोटीला आडवी करतो, कील तिला परत उभी करते. जत्रेतल्या लोटल्या तरी उठणाऱ्या बाहुलीसारखी. हे ऐकताना भाची एकदम गंभीर झाली होती.

या साऱ्या उपद्व्यापाची कल्पना मराठी माणसाची, व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते राहिले ते समुद्रापासून दूर, फलटणजवळ विंचुर्णीला. त्यांच्या प्रोत्साहनाने कमांडर दिलीप दोंदे यांनी म्हादेईतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, २००९-१० साली, वाटेत चार बंदरांवर थांबून. अभिलाष टोमी यांनी तीच बोट २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फिरवली. आणि हीच म्हादेई २०११ च्या केपटाऊन ते रिओ या शर्यतीतही उतरली होती. तारिणीचेही तसेच. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून जगाला वळसा घातला. जानेवारी २०२३ मध्ये ती केप-रिओ शर्यतीत धावली. त्या खेपेच्या चमूत दिलना आणि रूपा होत्या. पटात पळून झाल्यावर २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या दोघी त्याच बोटीने लांबच्या वाटेला निघाल्या.

शिडाच्या बोटींची शर्यत हा पैसेवाल्यांचा खेळ आहे हे आम्हाला ठाऊक आहे. ज्याला बोट परवडते तोच खेळतो. पण ही बोट सरकारची. तिच्यात बसायला नौदलाचा गणवेश लागतो, बापाचा बंगला लागत नाही. तोही सहज मिळत नाही, हे आम्ही भाचीला तिथेच सांगितले. २०२२ पासून अग्निवीर म्हणून मुलींनाही नौदलात घेतात, मात्र त्या दोघी अधिकारी आहेत. तिथपर्यंतची परीक्षा वेगळी आणि अभ्यास मोठा.

दुसऱ्या दिवशी पणजीहून बेतीच्या फेरीत बसलो. पलीकडे वेरे येथे नौदलाचा 'आयएनएस मांडवी' तळ आहे. तारिणीच्या दोन्ही फेऱ्या तिथूनच निघाल्या. आत अर्थातच प्रवेश नाही. दूरवर दोन-तीन डोलकाठ्या दिसल्या. त्यात तारिणीची होती की नव्हती कोण सांगणार! भाचीने मोबाइलवर फोटो काढला. त्यात डोलकाठ्या सुईएवढ्याच आल्या.

वाशीमला आल्यावर ताईने तो फोटो बराच वेळ पाहिला. डोळे बारीक करून विचारले, "बोट कुठं हाय यात?" भाचीने बोट ठेवून दाखवले. मग ती कीलचे सांगू लागली, आडवी झालेली बोट परत कशी उभी राहते ते. उलथे करून पेला दाखवला, सरळ करून दाखवला. ताई मध्येच म्हणाली, "अन् माणूस पान्यात पडला तर?"

"पट्टा बांधून बोटीला अडकवतात. अन् पोहणं शिकवतात."

"तिथं शिकवतील. इथं कोण शिकवते?"

शहरात शिकवणीची सोय आहे का ते विचारून येतो, असे आम्ही म्हणालो. ताई उठली, चुलीवरची भाजी उतरवली आणि पाठमोरीच म्हणाली, "विचारा. पोर पान्यात असली की मी काठावर बसीन. आधी पोहणं, मंग फार्म."