आईचा खोकला आणि गप्प बसणारं प्रथिन

गेल्या पावसाळ्यात आई महिनाभर माझ्याकडे राहायला आली आणि खोकला घेऊन बसली. दमा तिला जुनाच, पण यावेळी इनहेलरलाही दाद देईना. रक्ततपासण्या, सीटी स्कॅन वगैरे झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीची अ‍ॅलर्जी आहे. एबीपीए म्हणतात याला."

"मग बुरशी मारायचं औषध द्या ना," मी म्हटलं.

"तेही देऊ. पण मुख्य औषध स्टेरॉइड."

म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच जरा दाबायची! हे काही पचेना. मग शनिवार-रविवार वाचत बसलो.

अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे. ओल्या भिंतीवर, कुजक्या पाल्यात, कुठेही असतात. तुम्ही-आम्ही रोज शेकडो श्वासावाटे आत घेतो आणि तरी ठणठणीत राहतो. यामागे फुफ्फुसातल्या वायुकोशांना आतून असलेल्या पातळ लेपाचाही हात आहे. त्याचं नाव सर्फॅक्टंट. पृष्ठताण कमी करून वायुकोश मिटू न देणं हे त्याचं मुख्य काम. त्यात बहुतेक भाग स्निग्ध पदार्थांचा, थोडी प्रथिनं. त्यातली एसपी-ए आणि एसपी-डी ही दोघं म्हणजे पहारेकरी. एसपी-डी दिसतं चार हातांच्या फुलीसारखं, प्रत्येक हाताच्या टोकाला तीन डोकी. ही डोकी बुरशीच्या अंगावरची साखर ओळखून तिला पकडतात. असे पकडलेले बीजाणू मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पेशी जास्त जोमाने गिळतात आणि मारतात, हे १९९७ मध्ये दिल्ली आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मिळून दाखवलं.

खरी गंमत पुढे आहे. २००३ मध्ये डेन्व्हरच्या संशोधकांनी दाखवलं की डोकी रिकामी असली की ती मॅक्रोफेजच्या एका रिसेप्टरला चिकटून सांगतात, "सगळं ठीक, गप्प बस." डोक्यांत जंतू अडकला की मात्र शेपट्या पुढे येतात, दुसऱ्या रिसेप्टरला लागतात आणि अलार्म वाजतो. रेणू एकच, निरोप दोन!

ऑन-कॉल केलेल्यांना हे लगेच कळेल. आमच्याकडे एका रात्री चारशे अलर्ट आले होते. खरा एकच होता, आणि नेमका तोच आम्ही गमावला. विनाकारण न ओरडणं हेही सिस्टिमचं कामच असतं. आईच्या फुफ्फुसात बुरशी थोडी होती, आरडाओरडा फार होता, आणि त्यानेच श्वासनलिका खराब होत होत्या. स्टेरॉइड कशासाठी ते आत्ता डोक्यात शिरलं. २००१ मध्ये याच बुरशीची अ‍ॅलर्जी असलेल्या उंदरांना एसपी-ए आणि एसपी-डी दिल्यावर अ‍ॅलर्जी निवळली होती. पण ते उंदीर. आईला सध्या गोळ्याच.

आता ती बरी आहे. पण एक गोष्ट सलते. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली होती, "अरे, कपाटामागे भिंतीला ओल आलीये बघ." मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, "बघू गं पुढच्या वीकेंडला."

आजार त्या भिंतीमुळेच झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत. तरीही...

असो. आज सुट्टी आहे, तर तुमच्या कपाटामागे एकदा बघून घ्या.