माथ्यावरचा बिंदू

नवी लेखणी हाती आली म्हणजे कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात 'श्री' काढून तिची परीक्षा पाहावी, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या वेळी काही सांगावयाचे नसते. टाक नीट चालतो की नाही, शाई फुटते की नाही, एवढेच पाहावयाचे असते. संगणकाच्या पडद्यावर गणित लिहिणाऱ्या माणसालाही असाच एक संस्कार करावा लागतो. मूळ मुद्द्याला हात घालण्यापूर्वी तो एक अपूर्णांक लिहून पाहतो, एखादे वर्गमूळ काढून पाहतो, एखाद्या अंकाच्या खांद्यावर घातांक बसवून पाहतो. आणि आपण लिहिले तेच वाचणाऱ्यास दिसेल की नाही, हे डोळे ताणून न्याहाळतो. पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटेल. मला मात्र या निरर्थक दिसणाऱ्या ओळींविषयी अलीकडे मोठा आदर वाटू लागला आहे.

शब्दांची भाषा मोठी सोशिक असते. पत्रात एखादी वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली, छापखान्यात जुळाऱ्याच्या हातून एखादा खिळा उलटा बसला, तरी वाचणारा अर्थ सावरून घेतो. गणिताच्या चिन्हांत ही सोय नाही. तेथे जागा हाच अर्थ. दोनाच्या खांद्यावर किंचित उंच व बारीक असा दहा लिहिला, तर तो दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४. तोच दहा खांद्यावरून उतरून शेजारी येऊन बसला की झाले २१०. दोन्ही संख्या दिसावयास सारख्याच सभ्य. काही बिघडले आहे याची एकही खूण मागे उरत नाही.

याचा फार बोलका दाखला भास्कराचार्यांच्या ग्रंथात सापडतो. बाराव्या शतकातला हा थोर गणिती सह्याद्रीच्या परिसरातला; त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याच्या नातवाने मठ स्थापिल्याचे सांगणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आहे. त्याच्या 'बीजगणिता'त अज्ञात राशीला 'यावत्तावत्' असे नाव असून तिची खूण 'या' ही आहे. दुसरी अज्ञात राशी 'कालक', म्हणून 'का'. तिसरी 'नीलक', म्हणून 'नी'. आणि ज्ञात संख्येपुढे 'रूपा'चा 'रू'. ऋण संख्या दाखवावयाची तर अंकाच्या माथ्यावर एक बिंदू. आजच्या वजाबाकीच्या आडव्या रेघेचे सारे काम तेवढा एक ठिपका करीत असे.

त्यात एक उदाहरण घोड्यांचे आहे. एकाजवळ तीनशेची रोकड व सहा घोडे. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे, परंतु डोक्यावर शंभराचे कर्ज. दोघांची मत्ता सारखी. तर एका घोड्याची किंमत किती? दोन पक्ष एकाखाली एक मांडावयाचे: वर 'या ६ रू ३००', खाली 'या १० रू १००', आणि या शेवटच्या शंभरावर तो बिंदू. उत्तर शंभर, प्रत्येकाची मत्ता नऊशे. आता अशी कल्पना करा की, पोथी उतरून घेणाऱ्याच्या बोरूतली शाई नेमकी त्या क्षणी आटली आणि बिंदू तेवढा राहून गेला. लगेच दुसऱ्याचे कर्ज रोकड होते, घोड्याची किंमत पन्नासावर येते आणि ताळाही बिनचूक पटतो: दोघांचे सहाशे-सहाशे! मुळाबरहुकूम नक्कल करणारा प्रामाणिक, गणित करणारा निष्णात, आणि उत्तर अर्ध्याने खोटे.

आमच्या देवनागरीपुढे तर याहून वेगळ्या अडचणी आहेत. आमची अक्षरे शिरोरेषेला टांगलेली. अपूर्णांकाच्या रेघेखाली 'अ' किंवा 'ब' आला की, ही रेघ भागाकाराची की अक्षराची, असा डोळ्यांस भ्रम पडतो. वर्गमूळाच्या चिन्हाचे छप्परही तसेच शिरोरेषेवर येऊन टेकते. घातांक बसावयाचा त्याच उंचीवर आमच्या वेलांट्या, मात्रा व अनुस्वार आधीच ठाण मांडून असतात. भास्कराचार्यांच्या काळी अंश वर व छेद खाली लिहीत, मध्ये रेघ नसे. तेव्हा हा एक तंटा तरी नव्हता.

असे तंटे सर्वांच्याच वाट्याला आलेले आहेत. दोन समांतर रेघांचे समतेचे चिन्ह इंग्लंडातल्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली प्रथम छापले. अज्ञातासाठी वर्णमालेच्या शेवटची अक्षरे योजण्याचा प्रघात देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथाने रूढ केला. त्याच अज्ञाताचे अक्षर राँटगेनने १८९५ साली आपल्या अनोळखी किरणांस दिले, आणि आपण त्यांस क्ष-किरण म्हणू लागलो. पुढे शिशाचे खिळे जाऊन प्रकाशाने अक्षरे उमटविण्याची यंत्रे आली, तेव्हा अमेरिकेतील गणिती डोनाल्ड कनुथ यांना १९७७ साली आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून इतका विषाद वाटला की, हातातले लेखन बाजूस सारून ते गणिताच्या जुळणीची स्वतंत्र आज्ञावली रचावयास बसले. थोड्या महिन्यांचे म्हणून आरंभिलेले ते काम जवळजवळ दहा वर्षे पुरले. 'टेक्' नावाची ती आज्ञावली त्यांनी जगाला विनामूल्य दिली. पडद्यावर आज जे गणित आपण सुबक पाहतो, त्यातले बरेचसे तिच्याच पद्धतीने लिहिलेले असते.

शास्त्राची भाषा कोणाची असावी, हा प्रश्न आमच्या नागपुरानेही एके काळी मोठ्या हिरिरीने विचारला होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस, हे शहर मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी असताना, येथील विद्यापीठाने मराठी व हिंदी या भाषांतून उच्च शिक्षण देण्याचा संकल्प केला. डॉ. रघुवीर यांनी याच नगरीत बसून संस्कृत धातूंपासून सहस्रावधी पारिभाषिक शब्द घडविले; हायड्रोजनला 'उदजन' व ऑक्सिजनला 'जारक' ही नावे त्यांचीच. ते शब्द मराठीत रुजले नाहीत, हे खरे. परंतु आमच्या मुलांना आपल्या भाषेतून शास्त्र शिकता यावे, ही त्या खटाटोपामागची तळमळ मला कधीच हास्यास्पद वाटली नाही. शब्द कोणता घ्यावा यावर वाद होऊ शकतो. चिन्ह नीट दिसावे यावर मात्र वादास जागाच नाही. आणि नेमके तेच काम आपण सर्वांत क्षुल्लक मानतो.

ते क्षुल्लक नाही, हे मला शेजारच्या एका मुलीने दाखविले. मोबाइलवर आलेली सरावाची प्रश्नपत्रिका घेऊन ती माझ्याकडे आली. प्रश्न छापला होता: २१० ÷ २८ = किती? पर्याय होते दोन, चार, आठ व सोळा. तिने भागाकार करून साडेसात हे उत्तर काढले होते, आणि ते एकाही पर्यायाशी जुळत नव्हते. मुळात प्रश्न दोनाच्या दहाव्या घातास दोनाच्या आठव्या घाताने भागण्याचा होता, उत्तर चार. वाटेत कोठेतरी दोन्ही घातांक खांद्यावरून घसरले आणि त्या पोरीच्या मागे ही साडेसाती लागली! तिचा भागाकार निर्दोष होता. पण ती म्हणाली, "काकाजी, गणित माझ्यानं होतच नाही." प्रश्नात खोट असेल, ही शंकासुद्धा तिच्या मनास शिवली नव्हती. छापील अक्षर चुकत नसते, तेव्हा चुकत असू ते आपणच, असा तिचा सरळ हिशेब.

हा हिशेब मला सारखा टोचत राहतो. मोठ्या माणसाला चिन्ह चुकीचे दिसले तर तो लिहिणाऱ्यावर रागावतो. लहान मूल स्वतःच्या बुद्धीवर रागावते. ज्याच्या घरी विचारावयास कोणी आहे, त्याची समजूत पाच मिनिटांत निघते. ज्याच्या घरी कोणी नाही, तो गणित सोडून देतो, आणि त्याने ते एका घसरलेल्या दहामुळे सोडले, हे त्यालाही ठाऊक नसते, आपल्यालाही नसते.

म्हणून, पडद्यावर कोणी मांडलेली एखादी विनाकारण दिसणारी ओळ, एक अपूर्णांक, एक मूळ, एक घात, नजरेस पडली की तिला हसू नये, असे मला वाटते. कोणीतरी बिंदू जागेवर आहे ना, एवढे पाहून घेत असतो. आणि तो पाहतो ते बहुधा अशा वाचकासाठी, ज्याला चूक दिसली तरी ती आपलीच वाटणार आहे.