हलकेपणाचा भाव

वस्तू घ्यावयाची ती हातात तोलून घ्यावी, हा आपल्या मराठी संसाराचा जुना नेम आहे. तांब्याचा हंडा असो की बोहारणीकडून जुन्या लुगड्यांवर घेतलेले पातेले असो, ते उचलून पाहिल्यावाचून आमच्या घरी सौदा पुरा होत नसे. "चांगले जड आहे" हे शब्द आमच्या आईच्या तोंडून प्रशस्तिपत्रासारखे येत. "हलका" हे विशेषण तर आपण वस्तूप्रमाणेच माणसाच्या वृत्तीलाही लावतो, आणि दोन्ही ठिकाणी ते निंदेचेच असते. अशा संस्कारात वाढलेल्या मनुष्यास कोणी सांगितले की, जगात एक वस्तू अशी आहे जिचे वजन जितके कमी तितका भाव अधिक, तर त्याला ती आपली थट्टाच वाटावी.

ही वस्तू म्हणजे हलकी स्पोर्ट्स मोटार. आणि तीही सुट्या भागांच्या रूपाने पेट्यांतून यावयाची व घेणाऱ्याने आपल्या हातांनी जोडावयाची. के. आर. पुरमात आम्ही चार-सहा मराठी कुटुंबे रविवारी एकत्र जमतो. तेथे हा विषय निघाला तो मिरजेच्या एका तरुणामुळे. व्हाइटफील्डच्या बाजूस एका संगणक कंपनीत तो नोकरीस आहे, आणि केंद्र सरकारच्या कारकुनास सर्व नियम मुखोद्गत असतात अशी त्याची भाबडी समजूत आहे. "दादा, पंचवीस लाख साठले आहेत. असली गाडी त्या किमतीची असते का?" असे त्याने आम्हांस सरळच विचारले. त्याच पंचवीस लाखांकडे मिरजेस त्याच्या वडिलांचेही लक्ष आहे. ते रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले. अद्याप पोस्टकार्ड लिहितात. त्यांनी लिहिले होते, "ज्या गाडीला दारे नाहीत, छप्पर नाही, तिला वीस-पंचवीस लाख, आणि ज्या घराला छप्पर आहे, ते दोन पावसाळे गळते आहे." या वाक्यापुढे आम्हीही क्षणभर निरुत्तर झालो. परंतु प्रश्न आम्हांस विचारला गेला होता; तेव्हा उत्तर शोधणे प्राप्त होते.

के. आर. पुरम हे तसे पाहिले तर वजनाचे गाव आहे. येथे रेल्वेची डिझेल इंजिनांची मोठी शेड आहे. डब्ल्यूडीजी-४ जातीचे एक इंजिन सुमारे १२६ टन भरते आणि त्याची शक्ती ४,००० अश्वांची असते. हे वजन कमी केले तर इंजिन सुधारेल असे कोणी समजू नये. रुळावर पोलादी चाकाची पकड वजनामुळेच टिकते. हलके इंजिन मालगाडी ओढू लागले की त्याची चाके जागच्या जागी फिरतील. जडपणा हा तेथे गुणच आहे. गंमत अशी की, येथून जवळच, व्हाइटफील्ड रस्त्यावर, कारखान्यांसाठी लहान रेल्वे-इंजिने बनविणारी एक जुनी कंपनी आहे. तिच्याच घराण्यातील सॅन मोटर्सने गेल्या शतकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' ही दोन माणसांची, उघड्या टपाची, काचतंतूंच्या अंगाची मोटार काढली. तिला रेनॉल्टचे १,१४९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. जे हात ओझे ओढणारी यंत्रे घडवीत आले, त्यांनाच हलकेपणाचा मोह पडला! ती मोटार फार खपली नाही. पण हा मोह आमच्या मिरजकर मित्राचा एकट्याचा नाही, एवढे तिने सिद्ध केले.

या मोहाचा मूळपुरुष कॉलिन चॅपमन हा इंग्रज अभियंता. त्याने १९५७ साली 'लोटस सेव्हन' नावाची मोटार विक्रीस काढली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, दोन आसने आणि चार चाके. याखेरीज तिच्यात फारसे काही नव्हतेच. चॅपमनचा सारा विचार वजाबाकीचा होता. मोटार हलकी केली की लहान इंजिन पुरते. इंजिन लहान झाले की ब्रेक, स्प्रिंगा आणि टायर बारीक चालतात. ते बारीक झाले की मोटार आणखी हलकी होते. शक्ती वाढविली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगाने जाते. वजन घटविले तर ती वळणावरही चपळ होते, थांबतेही लवकर.

आमच्यासारख्यांस रुचेल असा भाग पुढेच आहे. त्या वेळी इंग्लंडात नव्या मोटारीवर खरेदीकर असे. सुट्या भागांवर तो नसे. तयार सेव्हनची किंमत १,०३६ पौंड होती व त्यांतील ३४६ पौंड कराचे होते; तीच सुटी घेतली तर ५३६ पौंडांत मिळे. अट इतकीच की, भागांबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नसत. तेव्हा मोटार सुटी कशी करावी याचे पत्रक देण्यात येई आणि गिऱ्हाईक ते शेवटाकडून वाचीत असे, अशी कथा सांगतात. नियमाचे अक्षर पाळून त्यातून वाट काढण्याचे असे उदाहरण आमच्या कचेरीतल्या मुरलेल्या अधीक्षकांनाही मान डोलवायला लावील. १९७३ साली खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या संस्थेकडे गेले. सवलत संपली तरी मोटार सुटी घेऊन घरी जोडणारे लोक मात्र संपले नाहीत, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. करासाठी सुरू झालेले काम लोक आवडीने करू लागले होते.

आता हिशेब पाहू. कॅटरहॅमने २०२१ साली 'सेव्हन १७०' ही मोटार आणली. वजन ४४० किलो, इंजिन सुझुकीचे, ६६० घनसेंटिमीटरचे, शक्ती ८४ अश्वांची. आपल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे होते. म्हणजे हे त्याहूनही धाकटे. सुट्या रूपातील प्रारंभीची किंमत २२,९९० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २३ लाख रुपये, सीमाशुल्क वेगळेच. किलोला पाच हजारांहून अधिक भाव पडला. चार माणसांची घरगुती मोटार साधारण हजार किलोंची व तेवढ्याच शक्तीची असते आणि आपल्याकडे याच्या तिसऱ्या हिश्शाने मिळते. मात्र टनामागे शक्ती मोजली तर चित्र पालटते: घरगुती मोटारीस ८०-९० अश्व, या चिमुकलीस १९०, आणि आमच्या शेडमधल्या अजस्र इंजिनास अवघे ३२.

पैसे जातात कोठे? घरगुती मोटारीचे पत्रे प्रचंड साच्यांत दाबून निघतात; त्या साच्यांचा खर्च लाखो गाड्यांवर वाटला जातो. येथे गाड्या मोजक्या, आणि नळ्या जोडण्यापासून पत्रा बसविण्यापर्यंत बरेचसे काम हाताचे. मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्ट याहून निराळी नाही. सुकलेल्या भोपळ्याच्या पातळ कवचाला कोणी काट्यावर टाकीत नाही. ते हलके आहे म्हणूनच नाद धरते, आणि मोल द्यावयाचे ते कारागिराच्या हाताला. हा दाखला दिला तेव्हा आमच्या तरुणाचा चेहरा खुलला.

पण तंबोरा बैठकीत वाजतो. मोटार टिन फॅक्टरीच्या चौकातून न्यावयाची असते. २००३ साली बांधलेला तारांचा पूल येथे वाहनांचे ओझे वर्षानुवर्षे तोलतो आहे, तरी संध्याकाळी त्याच्या पायथ्याशी बैलगाडीची गती सर्वांना सारखीच लाभते. सात सेकंदांत साठ मैलांचा वेग गाठणाऱ्या गाडीने तेथे काय करावे? जमिनीला टेकलेले तिचे पोट प्रत्येक गतिरोधकास नमस्कार करील. जूनमध्ये चालक भिजेल. अपघातात तिच्याभोवती लोखंड थोडे, ही गोष्ट तर हसण्यावारी नेण्याजोगी नाहीच. रोजच्या उपयोगाची वस्तू म्हणून तिचे समर्थन होऊ शकत नाही, हे आम्ही त्यास स्पष्ट सांगितले.

तरीही आम्ही येथेच थांबलो नाही, याचे कारण आमच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. बदलीच्या नियमांत सरकार आमच्या संसाराचे वजन ठरवून देते. चौथ्या वेतनस्तरापर्यंतच्या कर्मचाऱ्यास १,५०० किलो सामान नेण्याची मुभा. सहाव्यापासून पुढे ६,००० किलो. नागपूरहून जबलपूरला आणि तेथून इकडे येताना या आकड्याशी आमची ओळख पटली. आजोबांचे सागवानी कपाट नागपुरास राहिले. पाटा-वरवंटा जबलपुरास शेजारणीकडे गेला. त्या दिवशी सौभाग्यवती जेवल्या नाहीत. वाचकहो, आपणही बदलीचे धनी आहात. हलके होणे फुकट नसते हे आपणांस सांगावयास नको. काय टाकावे हे ठरविण्यास काय ठेवावे हे नक्की ठाऊक असावे लागते. दारे टाकणाऱ्या चॅपमनला ते ठाऊक होते. प्रश्न आमच्या तरुणाला ते ठाऊक आहे का, हा होता.

म्हणून आम्ही त्यास विचारले, "गाडी जोडणार कोण?" तो म्हणाला, "एखादा मेकॅनिक पाहीन." येथे आमचे उत्तर ठरले.

आपल्या देशात या मार्गाने गेलेले लोक आहेत. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने सेव्हनच्याच घाटाची काचतंतूंची मोटार बनविली आणि तिला अॅम्बॅसडरचे इसुझू इंजिन बसविले. ज्या इंजिनाने साहेबांना कचेरीत पोचविले, तेच तेथे हरणासारखे उधळले. पण एकट्या माणसाने अंगणात मोटार घडविली तर? सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील एका लोहार कारागिराने मुलाच्या इच्छेखातर सुमारे ६० हजार रुपयांत, भंगारातल्या भागांतून, पायाने किक मारून सुरू होणारी चिमुकली जीप बनविली. २०२१ च्या डिसेंबरात तिची वार्ता देशभर झाली. नियमांत न बसणारी ती गाडी रस्त्यावर टिकणार नव्हती. पुढच्याच महिन्यात महिंद्र समूहाने ती घेऊन त्यास नवी बोलेरो दिली. आपल्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणे निर्मात्याने वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्या नियमाच्या डोळ्यांपुढे कारखानदार आहे. पाना घेऊन अंगणात बसलेला मनुष्य नाही. इंग्लंडात एकेकट्या मोटारीची स्वतंत्र तपासणी होऊन ती नोंदविता येते. तेथे ती किंमत वसूल होते, कारण किमतीचा मोठा हिस्सा जोडण्याच्या आनंदाचा असतो आणि तो कायद्याने उपभोगता येतो.

तेव्हा आमचा अभिप्राय असा: जो स्वतः जोडील त्याला ही मोटार त्या किमतीची आहे, जो तयार करून घेईल त्याने केवळ दारे नसण्याचे पैसे मोजले. आणि इकडे जोडली तरी 'केए ५३'ची पाटी तिला लागेल ही आशा धरू नये. ट्रकवर घालून ती जुन्या मद्रास रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटरवरील इरुंगट्टुकोट्टईच्या, १९९० सालच्या, शर्यतीच्या धावपट्टीवर न्यावी लागेल. एवढे करण्याची हौस असेल तरच पुढे जावे. आणि त्याआधी मिरजेचे कौल बदलावे.

कौले या मे महिन्यात बदलली; दोन लाख खर्च झाले. तरुण दर शनिवारी एका लहानशा गॅरेजमध्ये हात काळे करून येतो आणि प्रथमच ब्रेकचे पॅड स्वतः बदलल्याचे अभिमानाने सांगतो. परवा त्याने वडिलांचे नवे पोस्टकार्ड आम्हांस दाखविले. गाडीविषयी त्यात संमती नाही, नकारही नाही. घराची हकीकत संपल्यावर शेवटच्या ओळीत एवढेच विचारले आहे की, त्या गाडीचे नट इंची मापाचे असतात की मिलिमीटरच्या.