फिजीत ‘काम काय करता?’ हे विचारण्यासाठी

ठाण्यात खोपटला एसटी डेपोजवळ आमचं घर आहे. त्याच भागात एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये मी बरीच वर्षं नोकरी करत होते. डेपो जवळ, त्यामुळे ड्रायव्हर-कंडक्टर पेशंट भरपूर. कुठे दुखतं हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: काम काय करता? ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघांची कंबर एकाच जागी दुखली तरी कारण वेगळं असतं. एक तासन्‌तास बसलेला, दुसरा हलत्या गाडीत तोल सांभाळत उभा. दोघांना व्यायामही वेगळे द्यावे लागतात.

फिजीतल्या लाउतोका शहरात एका रुग्णालयात मला कंत्राटावर जागा मिळाली, तेव्हा पहिली काळजी याच प्रश्नाची लागली. घरचे म्हणाले, तिथे हिंदी चालते, तू कशाला घाबरतेस? ते अर्धं खरं आहे. 1879 ते 1916 या काळात इंग्रजांनी साठ हजारांवर भारतीय मजूर करार करून तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले. त्या करारालाच तिथे गिरमिट म्हणतात. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही घरात फिजी हिंदी बोलतात. पण देशातली निम्म्याहून जास्त माणसं मूळची तिथलीच, इतौकेई. शाळेत सगळे इंग्रजी शिकतात, त्यामुळे तरुणांशी काही अडत नाही. खेड्यातून आलेली म्हातारी माणसं मात्र दुखणं आपल्याच भाषेत सांगतात. त्यात नवल नाही. माझ्या सासूबाई रोज इंग्रजी पेपर वाचतात, पण डॉक्टरांपुढे ‘पाठीत उसण भरली’ असंच म्हणतात.

तयारीला तीनेक महिने हातात होते. आधी मी इंटरनेटवरून इतौकेई भाषेतल्या नोकरी-व्यवसायांच्या शब्दांच्या याद्या काढल्या. त्यांत बरेचसे शब्द इंग्रजीतूनच आलेले निघाले. नर्सला नासी, वकिलाला लोया, पोलिसाला ओविसा, ड्रायव्हरला द्राइवा. पटापट पाठ झाले आणि बरं वाटलं. मग लक्षात आलं की लाउतोका हे साखर कारखान्याचं गाव आहे. माझ्याकडे येणार ती ऊस तोडणारी, मासे धरणारी, शेती करणारी माणसं. त्यांच्यासाठी या याद्यांत जेमतेम दोन-तीन शब्द होते. दुसरीकडे आर्थर कॅपेल यांचा 1941 चा जाडजूड शब्दकोश मिळाला. त्यात शब्दच शब्द, पण कोणता आज रोज वापरतात आणि कोणता नाही, हे मला खोपटला बसून कळणं शक्य नव्हतं.

त्याहून मोठी अडचण उच्चारांची होती. 1835 मध्ये डेव्हिड कार्गिल आणि विल्यम क्रॉस हे मेथडिस्ट मिशनरी लाकेम्बा बेटावर आले आणि त्यांनी या भाषेला रोमन लिपीत बसवलं. एका ध्वनीला एकच अक्षर, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे लिहितात ‘बी’ आणि म्हणतात म्ब. ‘डी’ म्हणजे न्द, ‘जी’ म्हणजे ङ, ‘क्यू’ म्हणजे ङ्ग. ‘सी’ अक्षर तर जिभेचं टोक दातांत धरून काढलेल्या द सारखं. नकाशात आपण ज्याला नाडी वाचतो ते विमानतळाचं गाव खरं तर नान्दी आहे. यादी डोळ्यांनी वाचून पाठ केली तर शब्द बरोबर येतो आणि समोरच्याला एक अक्षर कळत नाही.

इथे देवनागरी फार कामाला आली. शाळेत ङ हे अक्षर आपण गिरवतो आणि सोडून देतो. मी वहीत सगळे शब्द देवनागरीतच लिहायला लागले. शिक्षक म्हणजे ङ्गासेनिवुली. डॉक्टर म्हणजे वुनिवाइ. कारकून म्हणजे वुनिवोला. उच्चार समोरच दिसतो, रोमन लिपीशी झगडावं लागत नाही. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते.

दुसरी मदत झाली ती ज्या रुग्णालयात जायचं होतं तिथल्याच एका नर्सची. विभागप्रमुखांनी तिचा नंबर दिला. फिजी आपल्या साडेसहा तास पुढे आहे. माझी ड्यूटी संपून संध्याकाळी सात वाजता फोन करावा तर तिथे रात्रीचा दीड. म्हणून सकाळी सातला, डबे भरून झाले की, मी स्वयंपाकघरातच फोन लावायचे. तिथे तेव्हा तिची दुपारची जेवणाची सुट्टी असायची. काम म्हणजे दाकादाका, हा एकच शब्द तिने मला किती वेळा म्हणायला लावला याला हिशोब नाही. मोबाइल तोंडाजवळ आणून ती स्वतःची जीभ दातांत धरून दाखवायची. सासूबाई कणीक मळता मळता बघायच्या. मग त्याही म्हणून बघायला लागल्या. त्यांना माझ्याआधी जमलं.

तिच्याकडूनच मला न्दाउ कळला. जो एखादं काम नेहमी करतो किंवा त्यात तरबेज असतो, त्याच्या कामाआधी न्दाउ लावायचा. आपण भाजीवाला, दूधवाला म्हणतो, तसंच, फक्त इथे वाला पुढे येतो. ङ्गोली म्हणजे मासे धरणं, तर कोळी न्दाउङ्गोली. तेइतेइ म्हणजे मळा, तर शेतकरी न्दाउतेइतेइ. वाकासाङ्गा म्हणजे रांधणं, तर स्वयंपाकी न्दाउवाकासाङ्गा. हे कळल्यावर यादीचं ओझं उतरलं. सकाळी कामाला जाताना डेपोसमोरच्या वडापावच्या गाडीपासून सिद्धेश्वर तलावापर्यंत जो दिसेल त्याचं काम मनात इतौकेई भाषेत म्हणायचे. सासूबाई महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांना मी ङ्गासेनिवुली म्हणायला लागले, ते त्यांना आवडलं.

लाउतोकाला पोचल्यावर सुरुवातीचे आठवडे जड गेले. मी शिकले होते ती बाउ बेटाच्या बोलीवर आधारलेली प्रमाण भाषा. बायबलचं भाषांतर त्याच बोलीत झालं, म्हणून ती सगळ्यांना समजते. पण लाउतोका आहे पश्चिमेला, आणि पश्चिमेकडच्या बोली बऱ्याच वेगळ्या. मी ‘म्बुला’ म्हणून नमस्कार करायचे आणि काही आजोबा ‘दोला’ म्हणून उत्तर द्यायचे. माझं त्यांना कळायचं, त्यांचं मला नाही. संध्याकाळी खोलीवर येऊन वही उघडायची इच्छा व्हायची नाही. हे एखादा आठवडा नाही, बरेच दिवस चाललं.

वाट सापडली ती एका आजींमुळे. त्यांचा खांदा आणि मान दुखत होती. मी ‘तुमचं’ या आदराच्या रूपात, म्हणजे नोमु न म्हणता नोमुनि म्हणून, काम विचारलं. त्या म्हणाल्या, ‘सेङा.’ नाही. काम करत नाही, घरीच असते. मी फॉर्मवर तसंच लिहिलं असतं, पण त्यांच्या बोटांवर घट्टे होते. मग माझ्या मैत्रिणीने, म्हणजे त्या नर्सने, प्रश्न बदलून विचारला: ‘नि न्दाउ दाकावा ना दावा ए वेइसिङा?’ रोज काय काय करता? आजी सरळ जमिनीवर बसल्या. मांडी घातली, मान खाली घातली आणि दोन्ही हात भराभर चालवून दाखवले. वोइवोइच्या, म्हणजे केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या चटया त्या विणत होत्या. चटईला इम्बे म्हणतात, विणण्याला ताली. लग्न-मयताला द्यायला घरोघरी लागतात, म्हणून दिवसाचे कित्येक तास त्याच बैठकीत. पगार मिळत नाही, म्हणून ते त्यांच्या लेखी ‘काम’ नव्हतं. आपल्याकडच्या बायकाही ‘मी काही करत नाही, घरीच असते’ म्हणतात आणि पहाटेपासून राबत असतात. खोपटला हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं.

त्या दिवसापासून मी व्यवसायांची नावं बाजूला ठेवली आणि क्रियापदं शिकायला घेतली. ऊस तोडणं मुसु न्दोवु. विकणं वोलिताका. पाठीत दुखतं हे ए मोसि ना न्दाकुङ्गु. माणूस वाकतो की बसतो, उचलतो की ढकलतो, हे कळलं की माझं काम झालं. ऊसतोड्यांना तर हाताने कोयता मारून दाखवला की पुढचं तेच करून दाखवायचे.

व्यवसायाची नावं तिथे नुसती पोटापाण्याची नसतात, हेही हळूहळू कळलं. रात्रपाळीचा वॉचमन असलेले एक काका म्हणाले, आम्ही ङोनेन्दाउ. मी कोळीकाम लिहायला घेतलं. त्यांच्या मुलीने सांगितलं, समुद्रावर ते कधीच गेले नाहीत. ङोनेन्दाउ म्हणजे सरदाराघराण्यासाठी पिढीजात मासे धरणाऱ्यांचं कूळ. तसेच माताइसाउ म्हणजे होड्या बांधणारे सुतार, म्बेते म्हणजे पुजारी, मातानिवानुआ म्हणजे सरदाराच्या वतीने बोलणारे. आपल्याकडे सुतार किंवा गुरव आडनावाचा माणूस बँकेत असतो, तसंच हे. पण काका ते अभिमानाने सांगत होते आणि ते ऐकून घेणं गरजेचं होतं. त्यानंतर खांदा कसा वळतो ते त्यांनी नीट दाखवलं.

हिंदीतही सावध राहावं लागतं. एक आजी म्हणाल्या, त्यांचे आजोबा मळ्यावर सरदार होते. आपल्या डोळ्यांपुढे फेटा आणि घोडा येतो. तिथे सरदार म्हणजे मजुरांच्या टोळीवरचा मुकादम, आणि त्याच्यावरचा गोरा ओव्हरसियर तो कुलंबर. दोन्ही शब्द जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतात आणि ते बोलताना आवाज बदलतो. तिथे मी पुढचं काही विचारत नसे.

कंत्राट संपवून मी परत खोपटला आले. आता कल्याणची एक फिजिओथेरपिस्ट तिकडे निघाली आहे. तिला वहीची झेरॉक्स दिली आहे. व्यवसायांची यादी शेवटच्या पानांवर आहे, ती विमानात वाचली तरी चालेल. पहिल्या पानावर रोज काय करता हा प्रश्न, नि (तुम्ही) आणि नोमुनि (तुमचं) ही आदराची रूपं आणि अंगाच्या हालचालींची क्रियापदं आहेत. उच्चारासाठी सकाळी सातला कोणाला फोन लावायचा, तो नंबरही तिला दिला आहे.