दर्या, दऱ्या आणि एक टिंब

आप्पांची रोजनिशी मी १९९८ च्या सुमारास शाळेतल्या एका जुन्या संगणकावर टंकली होती. तेव्हा युनिकोड आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पुढे भाच्याने ती फाइल युनिकोडात आणून दिली. मूळ वही आणि माझी जुनी फाइल, दोन्ही २०१९ च्या सांगलीच्या पुरात गेल्या. भाच्याच्या मेलमध्ये पडून राहिलेली ही एकच प्रत उरली, आणि तिच्यात प्रत्येक 'ऱ्य'चा 'र्य' झालेला! दुसर्या, सार्या, पायर्या, शेतकर्याला... चारशेच्या वर जागा.

तुम्ही म्हणाल, एका फटक्यात बदलून टाका की. मग सूर्य, कार्य, धैर्य यांचं काय करायचं? त्यांचा रफार बरोबरच आहे. 'सूऱ्य' वाचून आप्पा वरून पट्टी घेऊन खाली येतील. म्हणजे प्रत्येक जागी थांबायचं, वाचायचं आणि मग ठरवायचं.

भाच्याने त्यासाठी व्हिम नावाचा एडिटर बसवून दिला. (ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनी १९९१ साली तो लोकांसाठी खुला केला, त्याचा पूर्वज व्हीआय, तो बिल जॉय यांचा, १९७६ चा. मोलेनार २०२३ मध्ये गेले.) त्यात टिंबाची कळ दाबली की आधी केलेला बदल जसाच्या तसा पुन्हा होतो. हजेरीपटात 'वरीलप्रमाणे' म्हणून आपण दोन रेघा मारायचो ना, तसंच काहीसं. पहिल्यांदा मात्र सगळं हाताने करावं लागतं: 'एस' दाबून चुकीचा र् काढा, कळफलक मराठीत न्या, शिफ्ट धरून 'जे', मग 'डी', की 'ऱ्' उमटतो, मग एस्केप. पुढच्या जागी हा सगळा कारभार एका टिंबात. 'एन' दाबला की पुढची जागा सापडते. एन, टिंब, एन, टिंब. सूर्य आला की नुसताच एन.

पण मधूनच दुसरी एखादी चूक दिसते, ती सुधारायला कळफलक मराठीत न्यावा लागतो आणि तो परत इंग्रजीत न्यायचा राहतो. इनस्क्रिप्टमध्ये 'एन'च्या जागी 'ल' आहे. व्हिमला 'ल' हा हुकूम कळत नाही, तो ढिम्म! टिंब तेवढं दोन्हीकडे एकाच जागी, त्यामुळे ते चालतं. म्हणजे बदल होतो पण पुढे जाता येत नाही, आणि बदल होतो तो नको त्याच अक्षराचा. शिवाय एन काय नि टिंब काय, दोन्ही उजव्या हाताला. माझ्या उजव्या हाताची बोटं सकाळी आखडलेली असतात.

तेव्हा वरच्या एफ-कळा घ्यायच्या ठरवल्या. कळफलक मराठी असो वा इंग्रजी, त्यांना फरक पडत नाही, आणि एफ-२, एफ-३, एफ-४ डाव्या हाताखाली येतात. (पहिल्यांदा एफ-२ दाबलं तर पडदाच अंधारला! लॅपटॉपवर त्या कळांना उजेड-आवाजाची कामं दिलेली असतात. भाच्याने ती सेटिंग बदलून दिली.)

इथे मी शहाणपणा केला. शोध आणि बदल दोन्ही एकाच कळेत जोडले. दाबत जा, होत जातंय! किती छान वाटलं म्हणून सांगू. दहा-बारा मिनिटांनी कोकण बोटीच्या प्रवासाचं पान लागलं, आणि वाचते तर काय, 'वेंगुर्ल्यापुढे दऱ्या खवळला होता.' आप्पांचा दर्या मी सह्याद्रीत नेऊन ठेवला होता. बोट डोळ्यांच्या पुढे धावत होतं. सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून तपासली.

आता तीन वेगळ्या कळा आहेत. एफ-२ पुढची जागा, एफ-३ टिंब, आणि एफ-४ केलेलं रद्द. रद्दची कळ शेजारीच हवी असा माझा हट्ट, भाचा म्हणाला, "मावशी, त्याला 'यू' आहे की." असेल, पण मराठी कळफलकावर तिथे 'ह' आहे. तो स्वतः ईमॅक्सवाला. त्यांच्याकडे कंट्रोल-एक्स आणि झेड दाबलं की मागचा हुकूम पुन्हा होतो, नंतर नुसतं झेड झेड करत बसायचं. २०२२ च्या २८ व्या आवृत्तीत तर अशी सोय आली की लांबलचक हुकूम एकदा दिला की पुढे त्याचं शेवटचं अक्षरच पुरतं. मी ऐकून घेतलं. माझ्या तीन कळा माझ्या बोटांना सवयीच्या झाल्यात.

असो. काम संपत आलंय, एक जागा अडली आहे. १९५२ चं पान, आत्याच्या लग्नाचा दिवस. 'आचार्यांना पाच रुपये व उपरणे दिले.' हे लग्न लावणारे आचार्य, की स्वयंपाकाचे आचारी? एफ-३ दाबलं तर पाच रुपये स्वयंपाकघरात जातात, नाही दाबलं तर मांडवात. उपरणं दोघांनाही शोभतं. त्या लग्नाला असलेलं कुणी आता फारसं उरलं नाही. घरात कुणाच्या कानावर काही आलं असेल तर फोन करा, मी कर्सर तिथेच ठेवलाय.