अम्मींच्या चालीने इमॅजिका

सहलीचे नाव निघाले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो, "तिथे काय काय आहे?" दुसरा येतो, "तिकीट किती?" गेल्या डिसेंबरात आमच्या घरी सहलीचा बेत ठरू लागला तेव्हा आम्ही हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवले आणि आधी तिसराच विचारला, "अम्मींना दिवसभरात किती चालवेल?"

हा प्रश्न सुचायला एक चूक कारणीभूत होती. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, तोही रविवारी, आम्ही घरचे सहाजण एका मोठ्या करमणूक उद्यानात गेलो होतो. तयारी म्हणाल तर काहीच नव्हती. फाटकातून आत जाताच मुले धावत सुटली, त्यांच्यामागे आम्ही. अम्मींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, एका झाडाखालच्या बाकावर बसवले, सगळ्या पिशव्या त्यांच्याजवळ दिल्या आणि "आलोच" म्हणून निघालो. रांगा एवढ्या होत्या की त्या "आलोच"चे तीन तास झाले. मग जेवण उरकले आणि पुन्हा तेच. संध्याकाळी गाडीत बसताना थोरलीच्या लक्षात आले की दादीची पाण्याची बाटली सकाळी भरून दिली तशीच आहे. विचारले तर अम्मी म्हणाल्या, "पाणी प्यायले असते तर उठावे लागले असते. बाथरूम कुठे ते ठाऊक नाही, आणि तुमच्या पिशव्या सोडून जाणार कशी?" घरी आल्यावर एवढेच बोलल्या, "पुढच्या वेळी मला घरीच ठेवा." आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते आम्हाला जास्त लागले.

गंमत अशी की आम्ही शिक्षक. शाळेच्या सहलीत मुलांची रांग नेताना सर्वात हळू चालणारे मूल पुढे ठेवायचे, म्हणजे रांग तुटत नाही, हे आम्ही दरवर्षी नव्या शिक्षकांना सांगतो. जमातीतल्या अशक्त माणसाचा विचार करून इमामाने नमाज आटोपशीर ठेवावी, ही शिकवण आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. शाळेत आणि मशिदीत कळणारी गोष्ट स्वतःच्या कुटुंबाच्या सहलीत मात्र आम्ही विसरलो होतो.

म्हणून या वेळी ठरवले, दिवस अम्मींच्या चालीने आखायचा. ठिकाण निवडले खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका.

आमच्या पिढीच्या आठवणीत अशी जागा म्हणजे गोराईचे एस्सेल वर्ल्ड. ते 1989 साली सुरू झाले. शाळेच्या सहलीत होडीत बसून खाडी ओलांडायची, हीच आमच्यासाठी पहिली राइड असायची. आता ते बंद झाले आहे. इमॅजिका 2013 च्या एप्रिलमध्ये उघडले. तिथे थीम पार्क, वॉटर पार्क आणि बर्फाचे स्नो पार्क अशी तीन वेगवेगळी उद्याने आहेत. एका दिवसात तिन्ही उरकण्याचा मोह होतो. लहान मूल किंवा म्हातारे माणूस बरोबर असेल तर तो मोह आवरावा. आम्ही फक्त थीम पार्क घेतले.

तारीख निवडताना शाळेची नोकरी कामी आली. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी मंगळवारी आली होती, मुलेही आमच्याच संस्थेच्या शाळेत. शनिवार-रविवार, दिवाळी आणि मे महिना टाळला की निम्मी रांग तिथेच कमी होते. तिकिटाचा दरही वारानुसार बदलतो, त्यामुळे आधी ऑनलाइन पाहून घेतलेले बरे. डिसेंबरचे ऊन सोसवते. अडचण एकच, दिवस लहान असतो. मगरीब सहाच्या सुमारासच होते, हे लक्षात ठेवून वेळापत्रक करावे लागते.

तिकिटे काढण्याआधी आम्ही तिथे फोन केला आणि चार प्रश्न विचारले. व्हीलचेअर मिळेल का? बाहेरचे काय काय आत नेता येत नाही? नमाजसाठी एखादा शांत कोपरा असतो का? अम्मींची औषधे आणि ग्लुकोजची बिस्किटे पिशवीत चालतील का? दहा मिनिटांचा तो फोन पुढच्या दहा तासांना उपयोगी पडला. अशा ठिकाणी बाहेरचे जेवण बहुधा नेऊ देत नाहीत. औषधे आणि तान्ह्या बाळाचे खाणे यांचे नियम वेगळे असतात. फाटकावर हुज्जत घालण्यापेक्षा घरून विचारणे केव्हाही चांगले.

दुसरे काम दाराच्या चौकटीवर झाले. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते आणि रांगेच्या तोंडाशीच मोजपट्टी असते. अर्धा तास रांगेत उभे राहून तिथे "नाही" ऐकणे लहान मुलाला फार जड जाते. आम्ही तिन्ही मुलांची उंची चौकटीवर पेन्सिलने मांडली, संकेतस्थळावरच्या अटी वाचल्या आणि कोण कशात बसणार याची यादी केली. धाकटा सहा वर्षांचा. त्याने टाचा वर करून पाहिल्या, मग रडून घेतले. ते रडणे घरीच झाले, पार्कात नाही.

तिसरी गोष्ट कपड्यांची. आपल्या मुली-बायकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. वेगाच्या राइडवर सुटी ओढणी आणि लोंबता अबाया धोक्याचा असतो. गो-कार्टच्या चाकात ओढणी किंवा केस अडकून झालेले अपघात आपण वर्तमानपत्रांत वाचले आहेत. थोरलीने लांब कुर्ता, सलवार आणि पिना न लावता डोक्यावरून ओढून घालायचा हिजाब घेतला. पडदाही राहिला आणि काळजीही मिटली. वॉटर पार्कला जायचे असेल तर सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनसारख्या कापडाचा पोशाख लागतो. अंगभर झाकणारे पोशाख आता बाजारात मिळतात, ते आधीच घेऊन ठेवावेत. आणि सगळ्यांच्या पायात बूट. चपला नकोत.

पैशांचा बंदोबस्तही आधीच केला. मागच्या वेळी खेळणी, फोटो आणि शीतपेये यांतच पाकीट रिकामे झाले होते. या वेळी प्रत्येक मुलाला दोनशे रुपयांचे पाकीट दिले आणि सांगितले, हे तुमचे, मागाल ते याच्यातून. मधल्याने दिवसभर ते पाकीट खिशातून काढले नाही. पैसा आपला झाला की मुलांनाही इसराफ कळतो.

महाडहून आम्ही फजर पढून निघालो. माणगाव, कोलाड, मग वाकण फाट्याला उजवीकडे वळून पाली आणि पुढे खोपोलीचा रस्ता. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. मुंबई-पुण्याकडच्यांना एक्स्प्रेसवेवरून खोपोलीला उतरून पाली रस्ता धरता येतो. रेल्वेने येणाऱ्यांना कर्जतहून खोपोली स्टेशनपर्यंत लोकल आहे. पालीच्या पुढे गाडी सावलीत लावून घरून आणलेली तांदळाची भाकरी, अंडी आणि चहा घेतला. पोटभर न्याहरी झाली की आत पाऊल टाकताच वडापावची आठवण येत नाही. रात्रीचा डबा, खिमा आणि पाव, गाडीतच ठेवला.

आत शिरताच आम्ही दोन गट केले. थोरली, मधला आणि त्यांचे अब्बू हा वेगाचा गट. अम्मी, धाकटा आणि आम्ही हा सावकाशीचा गट. फाटक उघडले की गर्दी आधी मोठ्या राइडकडे धावते. तरीही आडवारी तिथे पहिल्या तासात जाणेच बरे, कारण पुढे ती रांग कमी होत नाही. वेगाचा गट सरळ 'नायट्रो'वर गेला. जवळजवळ 40 मीटर उंच, ताशी 105 किलोमीटरपर्यंतचा वेग, पाच वेळा डोके खाली पाय वर, आणि पायाखाली फळी नाही. थोरली उतरली ती हसत. अब्बू उतरले ते मुकाट्याने, आणि आधी बाक शोधला. मधल्याने हे दृश्य दादीला इतक्या वेळा करून दाखवले की दादीने शेवटी मुलाची बाजू घेतली.

सावकाशीच्या गटाने आधी पाहिले ते स्वच्छतागृह. हसू नका. अम्मींच्या खुर्चीवरून पहिली फेरी आम्ही नुसती नकाशा हातात धरून मारली. स्वच्छतागृहे कुठे, सावली कुठे, पाणी कुठे, चढ कुठे. त्यानंतर अम्मींनी स्वतःहून बाटली उघडली आणि पाणी प्यायल्या. त्या एका घोटासाठी आम्ही तीन वर्षे थांबलो होतो, असे आम्हाला वाटले.

'राजासॉरस'च्या होडीत आम्ही धाकट्यासह बसलो. शेवटी पाणी उडते, तेव्हा एक जोडी कपडे जवळ असू द्यावेत. मुलांना तिथे सांगण्यासारखी गोष्टही आहे. राजासॉरस हा खराखुरा भारतीय डायनोसॉर. त्याची हाडे गुजरातेत बालासिनोरजवळच्या राहिओली गावी सापडली आणि 2003 साली शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिले. घरी आल्यावर धाकट्याने नकाशात राहिओली शोधायला लावले. गावाचे नाव त्याने स्वतः विचारून घेतले होते. वर्गात शिकवले असते तर एवढे लक्षात राहिले नसते.

एक वाजता सगळ्यांनी ठरलेल्या ठिकाणी जमायचे हा नियम होता आणि तो कोणी मोडला नाही. मुलांच्या खिशात आमच्या नंबरची चिठ्ठी होती, कारण गर्दीत फोन नेहमी लागतोच असे नाही. जेवण शाकाहारी घेतले. मांस हलाल आहे का, हे प्रत्येक काउंटरवर विचारत बसण्यापेक्षा डाळ-भात, पनीर यांत मन निश्चिंत राहते. जेवणानंतर वुजू करून एका कडेच्या जागी जानमाज अंथरली. आम्ही शाफई, सफरही लांबचा, म्हणून जोहर आणि असर कसर करून एकत्र पढलो. आपापल्या मसलकाप्रमाणे कसे करायचे ते निघण्यापूर्वीच मौलाना साहेबांना विचारून घ्यावे. म्हणजे तिथे घड्याळाकडे पाहत जीव टांगणीला लागत नाही. त्यानंतर पूर्ण एक तास काहीच केले नाही. मुले कुरकुरली. पण दुपारचा हा तास घेतला नाही, तर चार वाजता सर्वात लहान आणि सर्वात म्हातारे अशी दोन्ही माणसे एकदमच थकतात. मग दिवसाचा शेवट चिडचिडीत होतो.

दुपारनंतरचा वेळ एकत्र काढायचा होता. तेव्हा 'आय फॉर इंडिया'ची निवड झाली. खुर्चीत बसायचे, पट्टा बांधायचा, आणि समोरच्या भल्या मोठ्या पडद्यावर विमानातून दिसावा तसा देश दिसू लागतो. पाय अधांतरी लोंबत असतात. आत जाण्यापूर्वी सूचनांचा फलक नीट वाचला. हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असणाऱ्यांनी तो प्रत्येक राइडला वाचावा. अम्मींना त्रास आहे तो गुडघ्यांचा, म्हणून तिथल्या माणसाला विचारून, दोघांनी हात धरून त्यांना बसवले.

अम्मी कधी विमानात बसलेल्या नाहीत. पहिल्या मिनिटाला त्यांनी एका हाताने आमचे मनगट आणि दुसऱ्याने धाकट्याचे घट्ट धरले. आम्हाला वाटले, घाबरल्या, चूक झाली आपली. मग खाली बर्फाचे डोंगर आले, नद्या आल्या, आणि आमच्या मनगटावरची पकड सैल झाली. बाहेर आल्यावर त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. धाकट्याने विचारले, "दादी, डर लगा?" म्हणाल्या, "डर कशाचा? एवढी जमीन कधी एकदम पाहिली नव्हती. सुब्हानअल्लाह." आणि थोड्या वेळाने, "गुडघे दुखतात हे मघाशी विसरलेच होते."

शेवटी धाकट्याला घेऊन गोल फिरणाऱ्या घोड्यांकडे गेलो. उंचीमुळे मोठ्या राइड्सना मुकलेला तो, घोड्यावर बसून प्रत्येक फेरीला दादीला हात करत होता. अम्मी खुर्चीत बसून प्रत्येक फेरीला उत्तर देत होत्या. एकदाही चुकल्या नाहीत. या वेळी त्यांच्या मांडीवर कोणाची पिशवी नव्हती.

सगळ्या राइड्स झाल्या का? नाही. यादीतल्या निम्म्याच झाल्या. 'डीप स्पेस' राहिली, 'सलीमगढ'ही राहिले, संध्याकाळची परेड आम्ही अर्धीच पाहिली. मगरीबची वेळ आणि पुढचा अंधारातला प्रवास मनात होता. थोरली थोडी नाराज झाली, ते साहजिकच आहे. अम्मींच्या चालीने चालायचे तर तिला काही सोडावे लागणारच. पण आम्ही तिला तसे समजावायला गेलो नाही. तिनेच गाडीत आपली शाल दादीच्या गुडघ्यांवर घातली.

पालीच्या अलीकडे गाडी थांबवून खिमा-पाव खाल्ला. मुले झोपली. आम्हाला वाटले अम्मीही झोपल्या. कोलाड मागे पडल्यावर मागच्या सीटवरून मुलाला उद्देशून आवाज आला, "ऐक रे, त्या चाकाच्या खुर्च्या एका वेळी दोन मिळतात का?"

"मिळतील, अम्मी. का?"

"पुढच्या वेळी मोठ्या आपालाही घेऊ. तिचे तर दोन्ही गुडघे गेलेत."